बोटीवरची सीवेज टाकी उपसताय? या चुका टाळा

नवा फोर्थ, म्हणजे चौथा इंजिनिअर, बोटीवर चढला की पहिल्या आठवड्यात मेन इंजिनबद्दल शंभर प्रश्न विचारतो, सीवेज टाकीबद्दल एकही नाही. ते काम त्याला कमीपणाचं वाटतं. मग कसंतरी उरकतो आणि निस्तरायला सेकंड इंजिनिअर, म्हणजे मी.

माझं सगळ्यात जास्त डोकं फिरवणारी चूक म्हणजे नाकावर भरवसा. सिंगापूरच्या अँकरेजवर एकदा सीवेज पंपात कापड अडकलं. आमचा फोर्थ रत्नागिरीचा, हुशार पोरगा. टाकीकडचा वॉल्व्ह नीट बसलाय का हे न बघताच त्याने पंप खोलायला घेतला. हवा खेळवणारा ब्लोअर बंद, विषारी वायू मोजणारा गॅस मीटर कंट्रोल रूमच्या ड्रॉवरमध्ये. पाच मिनिटांत फोन आला, "सेकंड साब, भयंकर वास मारतोय." म्हटलं, बाहेर ये. "झालंच, दोन बोल्ट राहिलेत." थोड्या वेळाने पुन्हा फोन, या वेळी खुशीत. "वास गेला, साब."

पोटात गोळाच आला. वास कुठला जातोय, नाक गेलं होतं. हायड्रोजन सल्फाइड आधी सडक्या अंड्यासारखा येतो आणि १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास नाकच बधिर करून टाकतो. जिवाचा धोकाही तिथूनच. मीटर घेऊन धावलो, तर दारातच मीटर किंचाळायला लागला. आत पाऊल न टाकता बाहेरून बोंब मारून पोराला बोलावलं. स्वतःच्या पायांनी आला हे त्याचं नशीब आणि माझंही, कारण तो कोसळला असता तर मीही वेड्यासारखा आत घुसलो असतो. बंद जागेत दुसरा मुडदा असाच पडतो.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली. मीटर अंगावर, ब्लोअर पंधरा मिनिटं आधी, दाराबाहेर एक माणूस उभा आणि वॉल्व्ह बंद केला की दोरीने बांधून पाटी. प्रत्यक्ष टाकीत उतरणं हा तर परमिटचा विषय. तो फोर्थने परस्पर ठरवायचाच नाही.

दुसरं दुखणं, "बारा मैल झाले, सोडू का?" मारपोल, म्हणजे बोटींनी समुद्र घाण करू नये म्हणून झालेला आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या परिशिष्ट ४ मधला १२ हा एकच आकडा या पोरांना पाठ असतो. प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपलीकडे सोडता येतो हे खरं, पण बोट चालती हवी, वेग किमान ४ नॉट हवा आणि टाकी एकदम न ओतता बेताबेताने सोडायची. बर्थची, म्हणजे धक्क्यावरच्या जागेची, वाट बघत इंजिन बंद करून १५ मैलांवर ड्रिफ्ट करणाऱ्या बोटीला हे लागू होत नाही. मी आधी ब्रिजला, म्हणजे जिथून बोट चालवतात तिथे, फोन करून अंतर आणि वेग विचारतो, वेळ लिहून घेतो, मगच वॉल्व्हला हात लावतो. काही देशांचे नियम याहून कडक आहेत, तेही ब्रिजवालेच सांगतात.

पंप फिरतोय पण ओढत नाही? लगेच पंप खोलू नका, आधी डेकवर जाऊन टाकीचा व्हेंट, म्हणजे हवेचा पाइप, बघा. हवाच आत शिरत नसेल तर पंप बिचारा काय करणार! आमच्या डेकवाल्यांनी एकदा व्हेंटच्या जाळीवरच रंग फासला होता. खाली आम्ही अर्धा दिवस पंपाला शिव्या घालत होतो.

टाकी किती भरली हे दाखवणारा लेव्हलचा फ्लोट चरबीने चिकटतो. त्याच्या आकड्यावर विसंबू नका.

कमोडमध्ये आधी ब्लीच ओतून त्यावर खडे काढायचं ॲसिड टाकणाऱ्याला मी केबिनमध्ये बोलावून घेतो. क्लोरीन वायू तयार होतो, बाबांनो!

बंदरात रिसेप्शनला, म्हणजे मैला घेणाऱ्या किनाऱ्यावरच्या सोयीला, द्यायचं असेल तर पाइप जोडायचा फ्लँज ठरलेल्या मापाचा असतो: बाहेरचा व्यास २१० मिमी, चार बोल्ट. चारही लावा. दोनावर भागवणारे मी पाहिलेत, त्यांचे कपडेही पाहिलेत.

आणि वाइप्स, चिंध्या कमोडमध्ये टाकू नका ही पाटी प्रत्येक संडासात हवी, इंजिन रूमच्या सुद्धा. सिंगापूरला पंपातून निघालेलं ते कापड आमच्याच कॉटन रॅगच्या गठ्ठ्यातलं होतं.