लिगामेंटच्या ऑपरेशननंतर हालचाल मोजताय? या चुका टाळा

एसीएलचं (गुडघ्यातल्या एका लिगामेंटचं) ऑपरेशन झाल्यावर घड्याळात सहा हजार पावलं दिसली, की गुडघा सहा हजार पावलं चालला असं बहुतेक पेशंट धरून चालतात. हा आकडा अनेकदा अपुरा असतो, कधी कधी चक्क चुकीचा. फिजिओ त्याच आकड्यावर पुढच्या आठवड्याचा व्यायाम वाढवणार असेल, तर तो तपासून घेणं भाग आहे.

घड्याळ हात मोजतं, पाय नाही

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. मनगटावरचं घड्याळ हाताच्या हालचालीवरून पावलांचा अंदाज बांधतं. ज्वारीची भाकरी थापताना हात सारखा खालीवर होतो, त्यामुळे ओट्यापाशी एका जागी उभं असतानाही पावलं चढू शकतात. खड्ड्यांच्या रस्त्यावरून दुचाकीवर गेलात तरी तेच. उलट वॉकर धरलेला असताना किंवा मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन येताना हात हलत नाहीत, आणि खरी पावलंही गळतात. शिवाय बरीच घड्याळं सलग काही पावलं पडल्याशिवाय मोजायलाच लागत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत पलंग ते बाथरूम एवढंच संथ चालणं असतं. त्यातलं बरंचसं नोंदलं जात नाही.

तेव्हा आधी चाचणी घ्या. रोजच्या वेगाने, तोंडाने मोजत बरोबर 100 पावलं चाला आणि घड्याळात किती वाढली ते बघा. तीनदा करा. 90 ते 110 च्या आत आली तर ठीक. फारच कमी आली तर घड्याळ घोट्याच्या वर बांधा किंवा मोबाइल पँटच्या घट्ट खिशात ठेवा, आणि पुन्हा मोजा. शर्टाच्या सैल खिशात फोन ठेवू नका. जागा एकदा ठरली की बदलायची नाही. घड्याळच बदलावं लागलं तर आठवडाभर जुनं-नवं दोन्ही वापरा, म्हणजे फरक कळतो.

वेग न बघणं

यंत्रमागावरचा कामगार मागांमध्ये येरझाऱ्या घालतो. दिवसभरात पावलं हजारोंनी होतात, पण दोन पावलं चालायची, थांबायचं, वळायचं, अशी. सोलापुरातल्या सिद्धेश्वर तलावाच्या काठाने अर्धा तास झपझप चालणं वेगळं. मोठ्या माणसासाठी मिनिटाला साधारण 100 पावलं म्हणजे मध्यम श्रम; 15 सेकंदांत 25 पावलं मोजली की कळतं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम श्रम सांगते. या ऑपरेशननंतर एकूण पावलं ठीक दिसतात, झपाझप चालण्याची मिनिटं मात्र मागे राहतात. म्हणून ती वेगळी लिहा. स्टॅटिक सायकलची मिनिटंही हाताने लिहा, पावलांच्या आकड्यात ती दिसत नाहीत.

एकाच दिवसावरून निष्कर्ष

कोजागिरीला तुळजापूरची पायी वारी केली, तर त्या दिवसाचा आकडा आठवड्याची सरासरी फुगवतो. (ताज्या ग्राफ्टवर, म्हणजे नव्याने बसवलेल्या लिगामेंटवर, एवढं चालायचं का, हे आधी सर्जनला विचारा.) किमान 4 दिवस, रोज 10 तास घड्याळ अंगावर हवं, आणि त्यात एक सुट्टीचा दिवस असावा. घड्याळ चार्जिंगला राहिलं तो दिवस शून्य धरू नका, वगळा. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात पारा 40 च्या वर जातो आणि दुपारचं चालणं बंद होतं; तेव्हा पावलं घटली तर दोष गुडघ्याला देण्याआधी नोंदीत ऊन लिहा.

प्रश्नावली चुकीच्या वेळी भरणं

काम आणि खेळ यांत गुडघ्यावर किती ताण पडतो, हे सांगणारी टेग्नर स्केल 0 ते 10 असते: 0 म्हणजे गुडघ्यामुळे कामावर जाता न येणं, 10 म्हणजे राष्ट्रीय पातळीवरचा फुटबॉल. दुखापतीआधीचा आकडा पहिल्याच भेटीत लिहून ठेवा. वर्षभराने आठवून सांगितलं तर भरवसा नाही. मार्क्स स्केल धावणं, एकदम दिशा बदलणं, वेगातून थांबणं आणि गिरकी घेणं यांचे 16 पैकी गुण देते, पण विचारते गेल्या वर्षभरातल्या सगळ्यात चांगल्या काळाबद्दल. ऑपरेशननंतर चौथ्या महिन्यात ती भरली तर उत्तरात दुखापतीआधीचे खेळही येतात. खो-खो, कबड्डी खेळणाऱ्यांनी ही स्केल वर्ष उलटल्यावर भरावी. त्यांच्या खेळाचा ताण पावलांच्या आकड्यात येतच नाही.

गुडघ्याचं उत्तर न लिहिणं

हालचालीच्या नोंदीशेजारी दुसऱ्या दिवशी सकाळची सूज लिहा. उताणं झोपून, पाय सरळ ठेवून, गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध शिंप्याच्या टेपने घेर मोजा. टेप आवळू नका, रोज त्याच जागी लावा. नेहमीपेक्षा सेंटिमीटरभर घेर वाढला आणि दुखणंही वाढलं, तर त्या दिवशी चालणं कमी करा आणि फिजिओला कळवा. पोटरी सुजून दुखत असेल, ताप असेल, किंवा गुडघा अडकत वा निसटत असेल तर आकडे बाजूला ठेवून त्याच दिवशी सर्जनला दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर लगेच इमर्जन्सीला जा.