मुलांची उंची घरी कशी मोजावी?

लग्नात भेटलेली मावशी सहज म्हणते, "पोरगी काही वाढलेली दिसत नाही गं," आणि आईच्या जिवाला घोर लागतो. शेजारच्या मुलीशी तुलना करून यातलं काहीच कळत नाही. त्यापेक्षा घरीच नीट मोजा.

१. खाली स्कर्टिंगची फरशी नसलेली सपाट भिंत शोधा. शिंप्याची कापडी टेप ताणली जाते, म्हणून पत्र्याची टेप घ्या. शून्य जमिनीला टेकवून ती भिंतीला चिकटवा.

२. चपला, मोजे काढायला सांगा. वेणी किंवा अंबाडा सोडायला लावा. टाचा, कंबरेखालचा भाग आणि खांदे भिंतीला टेकलेले हवेत. नजर समोर, उंच दिसायच्या हौसेनं मुलं हनुवटी वर करतात, तिकडे लक्ष ठेवा.

३. जाड पुठ्ठ्याचं पुस्तक भिंतीला काटकोनात धरून डोक्यावर टेकवा, केस दबू द्या आणि पेन्सिलीनं खूण करा. दोनदा मोजा. आकडा तारखेसह वहीत लिहा.

दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात आणि संध्याकाळी उंची सुमारे 1 सेंटिमीटर कमी भरते. म्हणून दर वेळी सकाळीच मोजा. सहा महिन्यांतून एकदा पुरे. दर आठवड्याला मोजलं तर मोजण्यातली चूकच वाढ म्हणून दिसेल.

४. आता वेग पाहा. पाचव्या वर्षापासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण 5 ते 6 सेंटिमीटर वाढतं. त्याहून कमी वाढलं तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मुलींची झपाट्याची वाढ पाळी येण्याआधीच होते, त्यानंतर बहुधा 5 ते 7 सेंटिमीटरच उरतात. "पाळी आली की उंच होईल" या भरवशावर थांबू नका. मुलांची ही वाढ साधारण दोन वर्षं उशिरा सुरू होते.

५. घराण्याची उंचीही धरा. आईवडिलांच्या सेंटिमीटरमधल्या उंचीची बेरीज करा, मुलासाठी त्यात 13 मिळवा, मुलीसाठी 13 वजा करा आणि निम्मे करा. वडील 168, आई 152 असतील तर मुलगा 166.5 च्या आसपास, मुलगी 153.5 च्या. थोडं मागंपुढं होणारच.

वजनही याच वहीत लिहा. खाणं कमी पडलं की आधी वजन रेंगाळतं, उंची नंतर. उंची वाढवणाऱ्या पावडरींवर पैसे घालवू नका. शाळेतून आल्यावर पाच वाजता मूल कडकडून भुकेलेलं असतं, तेव्हा हातात वेफर्सचं पाकीट न देता नाचणीची भाकरी-दही, उकडलेलं अंडं किंवा शेंगदाण्याचा लाडू द्या. माझ्या मते दिवसातलं हेच खाणं सगळ्यात जास्त हुकतं.

डॉक्टरांकडे जाताना वही न्या. 5 ते 18 वर्षांसाठी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे 2015 चे वाढीचे तक्ते आहेत, त्यावर ते तुमचे आकडे मांडतील. गरज वाटली तर डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचं वय, म्हणजे हाडं किती पक्व झाली आहेत ते, पाहतील. हाडांची टोकं जुळून आली की उंची वाढत नाही, म्हणून शंका आली त्याच महिन्यात जा.