फ्रान्समध्ये नवीन आलात? वाइन घेण्याआधी हे वाचा

सप्टेंबरात ल्योंला आपली नवी मुलं येतात आणि महिनाभरात कुणीतरी विचारतंच, "ताई, ऑफिसातल्यांनी जेवायला बोलावलंय, कुठली वाइन नेऊ?" नेमकं तेव्हाच सुपरमार्केटात वाइनचा मेळा लागलेला असतो. मुलं सोनेरी अक्षरं बघून बाटली उचलतात. 'ग्रां व्हँ द बोर्दो', म्हणजे 'बोर्दो प्रदेशाची थोर वाइन', एवढ्यावर भुलू नका. त्या शब्दांवरून प्रत ठरत नाही.

नाशिकच्या बाटलीवर द्राक्षाचं नाव असतं, शिराझ किंवा शेनिन ब्लाँ. इथे बहुतेकदा गावाचं किंवा प्रदेशाचं असतं. कुठल्या गावाच्या नावाखाली कुठली द्राक्षं चालतील हे नियमाने बांधलेलं आहे, 1935 पासून. म्हणून गावं शिका. शाब्ली म्हणजे शार्दोने, पांढरा सांसेर म्हणजे सोव्हिन्यों ब्लाँ. आमच्या उत्तरेला बोजोले, तिथलं मोर्गों म्हणजे गामे. दक्षिणेला ऱ्होनच्या काठी क्रोझ-एर्मिताज, त्याची लाल वाइन मुख्यतः सिराची, म्हणजे नाशिकचंच शिराझ. आल्सासवाले मात्र द्राक्षाचं नाव लिहितात.

चव घ्यायला फ्रेंच शब्द पाठ करायची गरज नाही. पेल्यात दोन बोटं वाइन घ्या, फिरवा, आधी वास घ्या. मग घोट तोंडात घोळवा. जांभूळ खाल्ल्यासारख्या हिरड्या आवळल्या तर तो तुरटपणा टॅनिनचा, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून उतरणाऱ्या द्रव्याचा. चिंच आठवून लाळ सुटावी तशी सुटली तर ते आम्ल. आपली जीभ लहानपणापासून या चवींत तयार झालेली आहे, तिच्यावर विश्वास ठेवा. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर बुचाचा दोष आहे, बाटली दुकानात परत न्या.

आपल्यातले काही जण महागडी बाटली आणून तिचा फोटो मिरवतात आणि झणझणीत मटणाबरोबर पितात. मला वाईट वाटतं. तुरट लाल वाइनने तिखट आणखी भडकतं. रश्शाबरोबर किंचित गोडसर पांढरी घ्या, दमी-सेक व्हूव्रे किंवा आल्सासचं गेवुर्झट्रामिनर.

वाइनच्या दुकानदाराला इथे काव्हिस्त म्हणतात. आत शिरताच आधी 'बोंझूर' म्हणा, मग सरळ सांगा: बारा युरोपर्यंत हवी, जेवायला अमुक आहे, मला यातलं कळत नाही. फ्रेंच माणूस तुटक वाटतो खरा, पण आपण होऊन विचारलं की जीव ओतून सांगतो. आमची मंडळी विचारायलाच लाजतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बाबा येतील तेव्हा उघडू म्हणून मी सेंत-एमिलियोंच्या, म्हणजे बोर्दोकडच्या लाल वाइनच्या, सहा बाटल्या घेतल्या आणि स्वयंपाकघरातल्या कपाटावर उभ्या ठेवल्या. शेजारीच रेडिएटर. दोन हिवाळे गेले. बाबा आले तेव्हा बघितलं तर बुचं वर सरकून टोपणाची पन्नी फुगली होती, मानेवर चिकट लाल ओघळ वाळले होते. आत शिळ्या मुरंब्याची चव. सहाच्या सहा मोरीत ओतल्या. बाबा काही बोलले नाहीत, पण मला अजून लागतं ते. उष्णता, ऊन, फ्रिजची मागची बाजू, सगळ्यांपासून वाइन लांब ठेवा. बूच झाडाच्या सालीचं असेल तर बाटली आडवी ठेवा.

भाड्याचं घर बघताना तळघरातली काव्ह, म्हणजे सामान ठेवायची थंड खोली, मिळेल का, हे विचारून घ्या. नसेल तर आठवड्यात संपेल तेवढीच आणा.