एमआयडीसीतल्या कंपनीकडून कौशल्यवर्गासाठी सीएसआर निधी कसा मिळवावा

गावातली मुलं बारावी होऊन घरी बसलीत, संस्थेच्या दोन खोल्या रिकाम्या आहेत आणि एमआयडीसी दहा किलोमीटरवर आहे. अशा वेळी बहुतेक संस्था आधी पत्र टाइप करतात: 'आपल्या सीएसआर निधीतून वीस शिलाई मशिनं मिळावीत.' खरं तर हे पत्र सगळ्यात शेवटी लिहायचं असतं. सीएसआर म्हणजे मोठ्या कंपन्यांनी कायद्याप्रमाणे नफ्यातून समाजाच्या कामासाठी करायचा खर्च.

कागद तपासा

२०२१पासून सीएसआरचे नियम कडक झाले. कंपनी बाहेरच्या संस्थेकडून काम करून घेणार असेल, तर ती संस्था नोंदणीकृत ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ची (नफा न वाटणारी) कंपनी हवी. आयकराची १२ए (संस्थेला करसवलत) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी हवी, तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा आणि कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला क्रमांक हवा. या फॉर्मवर व्यवसाय करणाऱ्या सीए, सीएस (कंपनी सेक्रेटरी) किंवा कॉस्ट अकाउंटंटची डिजिटल सही लागते. आपल्याकडे आणखी एक घोळ हमखास निघतो: विश्वस्त बदललेले असतात, पण धर्मादाय आयुक्तांकडे चेंज रिपोर्ट (बदलाची नोंद) दिलेलाच नसतो. कंपनीने शेड्यूल वनचा, म्हणजे विश्वस्तांच्या अधिकृत नोंदीचा उतारा मागितला की त्यात दिवंगत अध्यक्षांचं नाव दिसतं. ते आधी निस्तरा.

कंपनी निवडा

२०१३च्या कंपनी कायद्यातलं कलम १३५ सरसकट सगळ्यांना लागू नाही. नेटवर्थ (मालमत्तेतून देणी वजा करून उरणारी रक्कम) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांतला एक तरी आकडा गाठणाऱ्या कंपन्यांसाठी ते केलं गेलं. त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम खर्च करायची. कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, हेही त्याच कलमात आहे. तुमच्या गावाचा मुद्दा इथेच बसतो. कंपनीचं सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प तिच्या संकेतस्थळावर असतात, ते वाचून जा. निर्णय बहुधा मुख्यालयात होतो, पण प्रस्ताव वर पाठवायचा की नाही, यात स्थानिक प्लांटच्या एचआरचा शब्द चालतो.

नोकरीकडून उलटं मोजा

इथे घाई करू नका. ज्या कंपनीकडे पैसे मागणार, नोकऱ्याही तिच्याकडेच असतील असं नाही. नोकऱ्या बऱ्याचदा तिला सुटे भाग पुरवणाऱ्या छोट्या वर्कशॉपमध्ये, गोदामांत, तालुक्याच्या दवाखान्यांत आणि सर्व्हिस सेंटरमध्ये असतात. हे लोक निधी देणार नाहीत, पण कोणतं काम जमणारा माणूस मिळत नाही ते नेमकं सांगतील. वेल्डर हवा की सीएनसी (संगणकावर चालणाऱ्या) मशीनवरचा ऑपरेटर, पगार किती, पाळी रात्रीची आहे का, मुलींना घेणार का, जायला बस आहे का, हे सगळं विचारा. शेवटच्या दोन प्रश्नांवर अनेक वर्ग बुडतात.

वीस बायकांना मशिनं वाटून फोटो काढणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे. गावात आधीच चार शिवणक्लास असतील तर पाचवा काढून ब्लाउजची शिलाई आणखी उतरेल, एवढंच. त्याऐवजी जवळपास गणवेश शिवणारं एखादं युनिट असेल, तर तिथली औद्योगिक मशिनं आणि तिथला वेग शिकवा. दोन-तीन मालकांकडून 'तयार मुलांची मुलाखत घेऊ' असं पत्र मिळालं, तर ते प्रस्तावाला जोडा. प्रस्तावातल्या दहा पानांपेक्षा ते एक पत्र भारी पडतं.

अंदाजपत्रक खरं लिहा

प्रशिक्षकाचा पगार, साहित्य, वीजबिल, प्रवासखर्च आणि वर्ग संपल्यावर मुलांच्या संपर्कात राहणाऱ्या माणसाचा पगार, सगळं मांडा. 'प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही' असं तुम्हाला सांगितलं जाईल. नियमातली ही मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर प्रशासनाला आहे, प्रकल्प राबवण्याच्या तुमच्या थेट खर्चाला नाही. हे नम्रपणे, पण स्पष्ट सांगा. पगार लपवून तो 'साहित्य' या सदरात टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. लेखापरीक्षणात अडकाल तुम्हीच.

फेब्रुवारी-मार्चमध्ये 'महिनाभरात खर्च करून दाखवा' म्हणून येणारा पैसा प्रशिक्षणाच्या कामाचा नसतो. वर्षाच्या सुरुवातीलाच भेटा आणि 'ऑनगोइंग प्रोजेक्ट' म्हणून मंजुरी मागा. असा प्रकल्प सुरू झालेलं आर्थिक वर्ष सोडून पुढची तीन वर्षं चालू शकतो.

करार वाचून सही करा

हप्ते कधी मिळणार आणि विनियोग प्रमाणपत्र (पैसे ठरल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) कधी द्यायचं, हे लेखी घ्या. पहिला हप्ता वर्ग सुरू होण्याआधी हवा. वेल्डिंग मशीनसारखी मालमत्ता संस्थेच्या नावावर राहील, हे कलम मागून घ्या. सीएसआरमधून घेतलेली भांडवली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. फक्त कंपनीच्या कामगारांच्याच मुलांना प्रवेश द्या, अशी अट आली तर नाही म्हणा, कारण तो खर्च सीएसआरमध्ये धरला जात नाही. फलकावर नाव हवं असेल तर हरकत नसावी.

बॅच संपल्यावर

प्रत्येकाला तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात फोन करा आणि कामावर आहे का, पगार किती, सोडलं तर का, हे वहीत लिहा. सोडून गेलेल्यांची नावं अहवालातून गाळू नका. राहायला खोली मिळाली नाही म्हणून चौघांनी काम सोडलं असेल, तर पुढच्या वर्षीच्या प्रस्तावात मशिनांच्या आधी खोलीभाड्याची ओळ घालायला हवी.