झुकझुक गाडीचा वाढदिवस : पाच वर्षांच्या मुलासाठी घरच्या घरी थीम पार्टी कशी करावी

घरातल्या वाढदिवसाला थीम ठरवायची म्हणजे त्या रंगाचे फुगे, त्या चित्राचा बॅनर आणि त्याच छापाच्या कागदी थाळ्या आणायच्या, असा समज रूढ झाला आहे. अशी सजावट मोठ्यांच्या फोटोंना उपयोगी पडते. चार-पाच वर्षांच्या मुलांचे तिच्याकडे दोन मिनिटांपलीकडे लक्ष राहत नाही आणि उरलेला वेळ सोफ्यावरून उड्या मारण्यात जातो. म्हणून थीम दिसायला कशी आहे यापेक्षा तिच्यामुळे कार्यक्रमाला आपोआप क्रम लागतो का, हे आधी पाहावे. या दृष्टीने आगगाडीइतकी सोयीची थीम क्वचितच सापडेल, कारण तिला सुटण्याची वेळ असते, स्थानके असतात, तिकीट असते आणि पोहोचण्याची वेळही ठरलेली असते. शिवाय गाडीचा वाढदिवस ही आपल्याकडे नवलाची गोष्ट नाही : १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनचा वाढदिवस तिचे नेहमीचे प्रवासी दर वर्षी पुणे स्थानकावर केक कापून साजरा करतात.

पुढचा आराखडा पाच वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलासाठी, मध्यम आकाराच्या फ्लॅटसाठी आणि आठ ते दहा पाहुण्या मुलांसाठी आहे. सोसायटीतील सगळ्यांनाच बोलवावे लागते, ही अडचण खरी आहे. परंतु दहाच्या वर मुले गेली की खेळ हाताबाहेर जातात, तेव्हा उरलेल्यांना संध्याकाळी खाली केकचा तुकडा नेऊन द्यावा आणि मोकळे व्हावे.

मार्ग ठरवणे

साधारण दोन आठवडे आधी मुलाला शेजारी बसवून घराचा कागदावर साधा नकाशा काढावा आणि मुंबई ते पुणे हा मार्ग त्यावर बसवावा. दाराशी मुंबई, दिवाणखान्याच्या एका कोपऱ्यात ठाणे, जेवणाच्या टेबलापाशी कर्जत, आतल्या खोलीत खंडाळ्याचा घाट आणि पुन्हा दिवाणखान्यात पुणे, एवढी स्थानके पुरेशी होतात. प्रत्येक स्थानकावर मुलांनी करायची एकच गोष्ट ठरवावी. दोन ठरवल्या की एक हमखास राहून जाते. रत्नागिरी, सिंधुदुर्ग किंवा गोव्याकडच्या घरांत कोकण रेल्वेचा मार्ग घेतला तर मुलांना तो अधिक ओळखीचा वाटेल, आणि साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुडे बोगदा त्यात आयताच मिळेल. नकाशा मुलाने रंगवलेला असावा, मग रूळ कितीही वाकडे गेले तरी चालतील.

तिकीट हेच निमंत्रण

पूर्वी खिडकीवर मिळत असत तशी पुठ्ठ्याची छोटी तिकिटे जुन्या मिठाईच्या खोक्यांपासून कापता येतात; मात्र हातात धरायला आणि लिहायला सोपे जावे म्हणून ती पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची करावीत. त्यावर पाहुण्या मुलाचे नाव, आसन क्रमांक, ‘गाडी सुटण्याची वेळ सायंकाळी ५’ आणि ‘गाडी पोहोचण्याची वेळ सायंकाळी ७’ असे लिहावे. एरवी निमंत्रणात कार्यक्रम संपण्याची वेळ लिहिणे आपल्याकडे उद्धटपणाचे वाटते आणि त्यामुळे काही मुले नऊ वाजेपर्यंत रेंगाळतात. तिकिटावर मात्र तीच गोष्ट कोणाला खटकत नाही. भेटवस्तू नको असतील तर ‘या गाडीत सामान नेण्यास परवानगी नाही’ ही ओळ घालावी. तिकिटे मुलाने स्वतः घरोघर जाऊन द्यावीत, आणि त्याच वेळी सोबत असलेल्या मोठ्या माणसाने तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : मुलाला शेंगदाणे, काजू, दूध किंवा अंडे यांपैकी कशाची ॲलर्जी आहे का, बरोबर धाकटे भावंड येणार आहे का, आणि पालक थांबणार आहेत की सोडून जाणार आहेत.

एक पिवळी पाटी

सजावटीचा सगळा वेळ एका वस्तूवर खर्च करावा, आणि ती म्हणजे स्थानकाची पाटी. पूर्ण आकाराचे पिवळे कार्डशीट घ्यावे, त्याच्या मागे जुन्या कुरिअरच्या खोक्याचा पुठ्ठा चिकटवावा, आणि काळ्या पोस्टर रंगाने ठसठशीत अक्षरांत मुलाच्या नावाचे स्थानक लिहावे. मुलाचे नाव ईशान असेल तर ‘ईशानपूर’. अक्षरे आधी पेन्सिलीने दोन समांतर रेषांत आखून घेतली नाहीत तर शेवटचे अक्षर हमखास कडेला चेपते. खऱ्या पाटीवर नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. तिथे मुलाला त्याच दिवशी भिंतीला उभे करून मोजावे आणि ‘जमिनीपासून उंची १०८ सें. मी.’ अशी जी काही भरेल ती उंची लिहावी. ही पाटी पुढे काही वर्षे खोलीच्या दारावर राहू शकते.

फरशीवर रूळ काढण्यासाठी कागदी मास्किंग टेप वापरावी. विजेच्या कामाची काळी टेप दिसते छान, पण तिचा चिकटा फरशीवर राहतो, आणि क्रेपचा कागद पायाखाली सरकून मुले पडतात. थर्माकोलचे इंजिन, फुग्यांच्या प्लॅस्टिकच्या काड्या, प्लॅस्टिकच्या थाळ्या, पेले आणि चमचे यांचा विचारही करू नये, कारण १ जुलै २०२२ पासून या वस्तूंवर देशभर बंदी आहे. घरातल्या स्टीलच्या ताटल्या किंवा सुपारीच्या पानाच्या थाळ्या या वयाला अधिक सोयीच्या पडतात, कारण त्या हातात धरल्यावर दुमडत नाहीत.

फुगे लावायचेच असतील तर तोंडाने किंवा पंपाने भरलेले थोडे फुगे उंचावर बांधावेत. रस्त्यावर विकले जाणारे तरंगते फुगे बऱ्याचदा हायड्रोजनने भरलेले असतात आणि मेणबत्तीजवळ ते पेट घेतात, म्हणून ते घरात आणूच नयेत. केक कापताना उडवतात तो फेसाचा स्प्रेही ज्वलनशील असतो. फुटलेल्या फुग्याचे तुकडे लगेच उचलावेत, कारण लहान मुलाच्या घशात ते अडकले तर निघणे अवघड असते. बटणाच्या आकाराच्या बॅटरीवर चालणाऱ्या शोभेच्या पणत्याही टाळाव्यात. ती बॅटरी गिळली गेल्यास अन्ननलिकेला गंभीर इजा होते.

दोन तासांचे वेळापत्रक

औक्षण पाहुणी मुले येण्याच्या आधी, पावणेपाचला उरकून घ्यावे. आजी, मावशी, आत्या तोवर आलेल्या असतात, मुलाला पाटावर पाच मिनिटे स्वस्थ बसवता येते आणि निरांजनाचे तबक मुलांच्या गर्दीत फिरवावे लागत नाही. दुपारची झोप मात्र त्या दिवशी चुकवू नये. न झोपलेला उत्सवमूर्ती सहाच्या सुमारास रडायला लागतो.

पाचला मुंबई. थोडा मोठा मामेभाऊ किंवा मामेबहीण वडिलांचा काळा कोट घालून दाराशी टीसी म्हणून उभी राहावी आणि कागदाला भोके पाडायच्या पंचने प्रत्येकाच्या तिकिटाला भोक पाडावे. उशिरा येणारी मुले येईपर्यंत बाकीच्यांना ठाण्याला बसवावे. मुलांना इतिहासात रस असेल तर १६ एप्रिल १८५३ रोजी देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्यालाच आली होती आणि तिला तीन इंजिने जोडली होती, हे एका वाक्यात सांगता येईल. त्याहून लांबवू नये. ठाण्याचे काम म्हणजे डबा रंगवणे. बुटांच्या किंवा चहाच्या रिकाम्या खोक्यावर मुलांनी मेणाच्या खडूंनी खिडक्या आणि खिडकीतली माणसे काढावीत. मेणखडू सांडत नाहीत आणि सोफ्याला फारसे लागत नाहीत, म्हणून जलरंगांचा मोह टाळावा. पंचवीस मिनिटांत बहुतेकांचे डबे होतात. ज्यांचे होत नाहीत त्यांना हवे तर रंगवू द्यावे.

साडेपाचला खंडाळ्याचा घाट. दोन-दोन खुर्च्या समोरासमोर ठेवून त्यांच्यावर चादरी टाकल्या की बोगदा होतो, पण आजीचे नऊवारी लुगडे मिळाले तर एकाच कापडाचा आठ मीटरांचा सलग बोगदा तयार होतो आणि त्यातून झिरपणारा रंगीत उजेड मुलांना फार आवडतो. कापडाची टोके खुर्चीच्या पाठीला कपड्यांच्या चिमट्यांनी पक्की करावीत. मुलांनी एकमेकांचा सदरा मागून धरून रांगेने रांगत जायचे. कर्जतहून लोणावळ्याकडे चढताना गाड्यांना मागून जादा इंजिने लावून ढकलावे लागते, हे मुलांना आधी सांगून ठेवावे. मग रांगेच्या शेवटी बाबांनी किंवा काकांनी गुडघ्यांवर रांगत मागचे इंजिन व्हावे. या खेळात मुलांना सगळ्यांत जास्त हसू येते ते याच ठिकाणी, आणि रांग तुटली तर ती जोडायला मागे एक मोठा माणूस आपसूक हजर असतो. अंधाराला घाबरणाऱ्या मुलाला आत ढकलू नये. त्याला बोगद्याच्या तोंडाशी सिग्नलमन करावे.

त्यानंतर लाल बावटा-हिरवा बावटा. उत्सवमूर्तीने हिरवा बावटा दाखवला की सगळ्यांनी रुळांवरून चालायचे, लाल दाखवला की जागच्या जागी थांबायचे. संगीत खुर्ची या वयाला नको, कारण बाद झालेले मूल रडते आणि मग त्याच्याकडे पाहून दुसरेही रडते. इथे बाद कोणीच होत नाही. चुकलेल्याने फक्त एकदा मोठ्याने भोंगा वाजवायचा, आणि तो वाजवायला मिळावा म्हणून मुले मुद्दाम चुकतात, तेही चालू द्यावे.

कर्जतचे वडे आणि पुण्याचा केक

सहा वाजता मुले भुकेली असतात, तेव्हा नकाशावर घाटाच्या आधी येणारे कर्जत इथे खेळांनंतर घ्यावे. कर्जत स्थानकाच्या बटाटेवड्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, म्हणून इथे लिंबाएवढे छोटे वडे करावेत. मिरचीऐवजी आले आणि कोथिंबीर घालावी, आणि मोठ्यांसाठी लसणाची चटणी वेगळी ठेवावी. सारण सकाळी करून गोळे वळून ठेवावेत आणि तळण मुले घाटात असताना काढावे, म्हणजे वडे ताटलीत येईपर्यंत कोमट होतात. तळणीच्या वेळी स्वयंपाकघराच्या दाराशी एका मोठ्या माणसाने उभे राहावे. सोबत कुरमुऱ्यांची तिखट नसलेली भेळ, केळ्याच्या चकत्या आणि पातळ कोकम सरबत एवढे पुरे. अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षे, पॉपकॉर्न आणि कडक गोळ्या घशात अडकण्याची भीती असते, म्हणून पाहुण्यांत धाकटी भावंडे असतील तर त्या ठेवू नयेत. द्राक्षे द्यायचीच तर उभी चिरून द्यावीत. लोणावळ्याची चिक्की थीमला कितीही शोभत असली तरी दुधाच्या दातांना ती कठीण जाते, तिच्या जागी राजगिऱ्याचा मऊ लाडू द्यावा.

केक घरी करायचा असेल तर ब्रेडच्या आकाराच्या लांबट भांड्यात रव्याचे किंवा मैद्याचे दोन साधे केक आदल्या दिवशी भाजून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावेत. गार केक सुरीने कापताना भुगा होत नाही, ताज्या केकचा होतो. एका केकच्या टोकाचा मोठा तुकडा इंजिनासाठी ठेवून बाकीच्याचे मुलांच्या संख्येएवढे चौकोनी डबे कापावेत. प्रत्येक डब्याला दोन्ही बाजूंना क्रीमची गोल बिस्किटे लोण्याच्या आयसिंगने चिकटवली की चाके होतात. डबे वेगवेगळ्या मालाने भरावेत : एकात चुरलेले चॉकलेटचे बिस्कीट म्हणजे कोळसा, एकात कुरमुरे, एकात रंगीत साखरेचे दाणे, एकात बारीक चिरलेले डाळिंबाच्या रंगाचे जेलीचे तुकडे. इंजिनाच्या धुराड्यासाठी वेफरची जाडसर नळी उभी खोचावी. लांब फळीवर चांदीचा कागद लावून त्यावर ही गाडी मांडली की केक कापताना होणारा घोळ टळतो : उत्सवमूर्तीने इंजिन कापायचे आणि प्रत्येक पाहुण्याने आपल्या आसन क्रमांकाचा डबा उचलायचा. मोठा आणि छोटा तुकडा यावरून भांडण होत नाही. केक विकत आणायचा असेल, तर दहा मुले आणि त्यांचे पालक यांना दीड किलो पुरतो, आणि अंड्याशिवायचा घ्यायचा का हे तिकिटे देतानाच समजलेले असते.

केकवर पाचच मेणबत्त्या लावाव्यात आणि त्या इंजिनावर, डब्यांवर नव्हे, म्हणजे फुंकर दहा डब्यांवर जात नाही.

निरोप

सातला टीसीने मोठ्या आवाजात ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे’ अशी घोषणा करावी आणि प्रत्येकाला त्याने रंगवलेला डबा, आत मेणखडूंची छोटी पेटी घालून, परत द्यावा. वेगळ्या रिटर्न गिफ्टची गरज राहत नाही. शिट्टी मात्र देऊ नये; थीमला ती चपखल बसते हे खरे, पण दहा शिट्ट्या एकाच इमारतीत परत जाणार असतात. कोणी भेटवस्तू आणलीच असेल तर ती पाहुण्यांसमोर न उघडता दुसऱ्या दिवशी एकेक उघडावी आणि कोणी काय दिले ते तिथल्या तिथे लिहून ठेवावे. फरशीवरची मास्किंग टेप त्याच रात्री काढावी, कारण दुसऱ्या दिवसापर्यंत पायांनी दाबली गेली की ती तुकड्या-तुकड्यांनी निघते.