पहिलं रिव्हॉल्व्हर घेताय? कमरेला लावायचं आणि रेंजवर चालवायचं, दोन्हीचा विचार करून घ्या

आमच्या विट्याकडं गलाईवाल्यांच्या घरात हत्याराचं लायसन्स असणं काही नवीन नाही, सोनं-चांदी घेऊन देशभर फिरणारी माणसं, त्यात तासगावकडचे बेदाण्याचे व्यापारी, साताऱ्याकडचे रिटायर फौजी, त्यामुळं दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी घरी येतंच, चहा होतो आणि मग विषय निघतो, "दादा, लायसन्स मंजूर झालंय, घेऊ कुठलं?" मागच्या महिन्यात धाकटा मावसभाऊ आलेला. मोबाईलमध्ये परदेशी व्हिडिओ बघून बघून त्याचं ठरलेलंच होतं, ९ एमएमचं काळं पिस्तूल, सतरा राऊंडचं (काडतुसांचं) मॅगझिन. त्याला जे सांगितलं तेच इथं सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट, ९ एमएम विसरा. आपल्याकडं तो प्रोहिबिटेड बोर (बोर म्हणजे नळीचं माप) आहे, म्हणजे पीबी, बंदी असलेला, आणि त्याची परवानगी जिल्ह्यात मिळत नाही, ते प्रकरण थेट केंद्रीय गृह मंत्रालयाकडं जातं. सांगली-साताऱ्यात पोलीस आयुक्तालय नाही त्यामुळं आपलं लायसन्स कलेक्टर ऑफिसमधून, जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या सहीनं निघतं आणि ते एनपीबीचं, म्हणजे बंदी नसलेल्या बोरचं असतं. मग साध्या माणसापुढं मुख्य पर्याय राहतो ३२ बोर, बाजूला २२ बोर. परदेशी माल नवीन आयात करता येत नाही सामान्य माणसाला, जुने वेब्ली-वॉल्थर हातोहात विकले जातात पण त्यांचे भाव लाखांत आणि स्पेअर पार्ट मिळायची बोंब. पहिल्या हत्याराला त्या नादाला लागू नका असं माझं स्पष्ट मत आहे.

लायसन्सच्या भानगडीत फार शिरत नाही, थोडक्यात सांगतो. वय २१ पूर्ण पाहिजे, अर्ज फॉर्म ए-१ मध्ये, पोलीस चौकशी होते, मेडिकल लागतं, हत्यार हाताळायचं ट्रेनिंग लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त दोनच हत्यारं राहतात (आधी तीन होती) आणि लायसन्सची मुदत तीनची पाच वर्षं झाली. हे दोनचं गणित नीट बघा, कारण आजोबांची बारा बोर डबल बॅरल वारसानं तुमच्या नावावर आली असेल तर एक जागा तिथंच गेली, आणि आपल्या फौजी गावांत अशा बंदुका घरोघरी आहेत. म्हणजे कमरेला एक आणि रेंजला वेगळं एक असा बेत असेल तर आधी आपल्या नावावर काय आहे ते मोजायचं.

आता मुख्य मुद्दा, रिव्हॉल्व्हर की पिस्तूल.

नवख्या माणसाला मी रिव्हॉल्व्हरच सांगतो, कारण तुम्ही उघडलं की आत काय आहे ते डोळ्याला दिसतं. सहा चेंबर, म्हणजे काडतुसं बसायची भोकं, भरलेत का रिकामे, विषय संपला. पिस्तुलात मॅगझिन काढलं तरी चेंबरमध्ये एक राऊंड राहू शकतो आणि हेच नवीन माणूस विसरतो, मॅगझिन काढलं म्हणजे रिकामं झालं असं समजून ट्रिगर दाबतो, घरातल्या घरात गोळी सुटायचे प्रकार याच चुकीतून होतात. दुसरं म्हणजे काडतूस फुटलं नाही तर काय. रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर परत ओढला की पुढचं चेंबर समोर येतं. पिस्तुलात दुसरा हात लावून स्लाईड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागं खेचावी लागते, राऊंड बाहेर पडला का बघावं लागतं, आणि हे सगळं घाबरलेल्या हातांनी. सराव असलेल्या माणसाला ते सेकंदाचं काम आहे, पण सराव नसलेल्याला नाही जमत. पिस्तूल चपटं असतं, शर्टाखाली कमी दिसतं, ट्रिगर हलका, मॅगझिन पटकन बदलतं, हे त्याचे खरे फायदे आहेत आणि जो महिन्यातून दोनदा तरी रेंजवर (नेमबाजीच्या सरावाच्या जागी) जाणार आहे त्यानं सरकारी ऑर्डनन्स फॅक्टरीचं ३२ पिस्तूल जरूर बघावं. बाकीच्यांनी रिव्हॉल्व्हर.

काडतूस दोघांचं वेगळं असतं हं. दोन्हीला आपण ३२ म्हणतो पण रिव्हॉल्व्हरचं लांब, मागं कडा असलेलं, आणि पिस्तुलाचं आखूड, ज्याला ७.६५ म्हणतात ते. एकाचं दुसऱ्यात चालवायचा प्रयत्न कुणी करू नये. काडतुसाच्या बुडावर केएफ दिसलं तर तो माल आपल्या पुण्यातल्या खडकीच्या फॅक्टरीतला.

देशी रिव्हॉल्व्हरमध्ये कानपूरच्या सरकारी फॅक्टरीचा जुना ३२ बोरचा मॉडेल आहे, वरून मोडून उघडणारा, सगळी रिकामी काडतुसं एकदम बाहेर फेकतो. २०१४ ला निर्भीक आलं, टायटॅनियम मिश्रधातूचं, साधारण ५०० ग्रॅम. २२ बोरचं निडर तर फक्त २५० ग्रॅमचं. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये प्रबळ आलं, साधारण ७०० ग्रॅम, ७६ मिलिमीटर बॅरल, सिलिंडर (काडतुसं बसायचा फिरता गोल) बाजूला उघडणारं. दुकानदार हलक्याचं कौतुक करतो आणि हातात घेतल्यावर आपल्यालाही तेच आवडतं, दिवसभर कमरेला जाणवत नाही म्हणून. पण काडतूस तेच असेल तर हलकं हत्यार जास्त झटका देतं, हा साधा हिशोब आहे, वजन कमी तेवढा धक्का हाताला जास्त. चार गोळ्या मारल्यावर माणूस पाचवीला डोळे मिटायला लागतो आणि एकदा ती सवय लागली की मोडायला वर्ष जातं. ज्याला रेंजवर खरोखर सराव करायचाय त्यानं ७०० ग्रॅमच्या आसपासचं घ्यावं, चांगला जाड पट्टा घ्यावा, आठवड्यात वजनाची सवय होते.

गोळीचा मारा ५० मीटरपर्यंत आहे म्हणून प्रबळ घ्यायचं असं एकजण म्हणाला. स्वतःच्या बचावाचा प्रसंग आला तर तो घराच्या बोळात नाहीतर गाडीच्या दाराशी येतो, पाच-सात मीटरच्या आत. आखूड बॅरलचं गणितही बघा, पुढची आणि मागची साईट (नेम धरायच्या खुणा) यांच्यात १० सेंटिमीटर अंतर असेल आणि पुढची साईट फक्त १ मिलिमीटर हलली तर १० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते. तेच अंतर १५ सेंटिमीटर असेल तर साधारण ७. म्हणून आखूड हत्यारानं लांबचा नेम धरणं अवघड, त्यात हत्याराचा दोष नसतो.

दुकानात काय करायचं ते सांगतो, कारण तिथंच माणसं दहा मिनिटांत लाखाच्या पुढचा व्यवहार करून मोकळी होतात (२२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावर जीएसटी २८ चा ४० टक्के झालाय, तो धरूनच बजेट करा). आधी दुकानदाराला विचारून स्वतः उघडून रिकामं आहे का बघा, डोळ्यानं आणि बोटानं. मग मूठ धरा. बॅरल तुमच्या मनगटाच्या हाडाच्या सरळ रेषेत आलं पाहिजे, आणि बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर आरामात बसलं पाहिजे. बोट पुरत नसेल तर माणूस मूठ फिरवून पुरवतो आणि मग झटका अंगठ्याच्या बुडात बसतो. ऊस तोडणाऱ्या, कुस्ती खेळलेल्या हाताला छोटी ग्रिप अडचणीची होते हेही तितकंच खरं. मग भिंतीच्या सुरक्षित कोपऱ्याकडं रोखून, हॅमर (मागचा घोडा) मागं न ओढता, नुसता ट्रिगर दाबून दहा वेळा चालवून बघा (२२ बोर असेल तर नको, कारण पुढं सांगतो). देशी रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर जड असतो, प्रत्येक नगाचा थोडा वेगळा, म्हणून दोन-तीन नग मागून बघायला लाजू नका. दहाव्या वेळी पुढची साईट थरथरत असेल तर ते तुमचं हत्यार नाही. सिलिंडर हलवून बघा, हॅमर मागं असताना खडखड हलायला नको. काका किंवा वहिनी पण वापरणार असतील तर त्यांचं लायसन्स वेगळं लागतं, आणि त्यांच्या हातालाही वेगळं माप लागतं.

खरेदी झाली की बोर, कंपनी आणि नंबर लायसन्सवर चढवून घ्यायचा, आणि काडतुसं किती घेता येतील तेही लायसन्सवर लिहिलेलं असतं, ते वाचा. कारण त्या कोट्यातूनच सरावही करायचाय.

सरावाचं मी उलटं सांगतो, ३२ घ्यायच्या आधी एअर पिस्तूल घ्या. ४.५ मिलिमीटरचं, २० ज्यूलच्या आतलं असेल तर त्याला लायसन्स लागत नाही, छर्रे स्वस्त, घराच्या माळ्यावर १० मीटर जागा निघाली आणि मागं भक्कम आडोसा केला की झालं, घरची माणसं त्या बाजूला फिरकणार नाहीत एवढं बघा. ऑलिम्पिकच्या १० मीटर टार्गेटमधला दहाचा गोल ११.५ मिलिमीटरचा असतो, त्यावर सहा महिने घालवा, ट्रिगर आपोआप सुधारतो. आपल्याला लांब जायची गरज पण नाही, कोल्हापूरनं राही सरनोबतसारखी नेमबाज दिलीय, २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तुलात गोल्ड, नेमबाजी शिकवणारी माणसं त्या भागात आहेत. सातारकरांना पुण्याला बालेवाडीची शूटिंग रेंज पण जवळ पडते. ३२ मात्र रेंजवाल्यांना आधी विचारून, त्यांच्या परवानगीनंच चालवायचं. मळ्यात, ओढ्याच्या काठाला, माळावर चालवायचं नाही, दगडावरून उडालेली गोळी कुठं जाईल ते कुणाच्याच हातात नसतं. कानाला मफ आणि डोळ्याला चष्मा प्रत्येक वेळी.

घरचा सराव डमी, म्हणजे दारू नसलेले नकली राऊंड घालून. खरी काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवायची, मग बॅरलवर एक रुपयाचं नाणं ठेवून ट्रिगर दाबायचा, नाणं पडलं नाही पाहिजे. २२ बोरला रिकामं चालवू नका, पिन चेंबरच्या कडेवर आपटून खराब होते. रेंजवर ट्रिगर दाबला आणि फुटलं नाही तर लगेच उघडायचं नाही, टार्गेटकडंच रोखून ३० सेकंद थांबायचं, उशिरा फुटणारं काडतूस असू शकतं.

आता कमरेला लावणं. २०१६ च्या नियमांत सरळ आहे, सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि तुमच्या ताब्यात पाहिजे. आपल्याकडं लग्नात-यात्रेत शर्ट थोडा वर करून मूठ दाखवायची पद्धत पडलीय, मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण ज्याच्यापासून धोका आहे त्याला आपण आधीच सगळं सांगून बसतो आणि गर्दीत कुणी हात घातला तर काय करणार? वरातीत बार काढला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, ते वेगळंच.

होल्स्टर असा घ्या की ट्रिगर पूर्ण झाकला जाईल आणि उलटं धरून हलवलं तरी हत्यार पडणार नाही. पँटच्या खिशात किल्ल्यांबरोबर नाही, गाडीच्या डिकीत नाही, सीटखाली तर नाहीच. उजव्या हाताच्या माणसानं उजव्या कमरेला, हाडाच्या जरा मागं. लावल्यावर खाली वाका, बुलेटवर बसा, गाडीत सीटबेल्ट लावा, पोत्याची थप्पी उचलल्यासारखं करा, कुठं टोचतंय, कुठं मूठ बाहेर येतीय ते घरीच कळतं. सैल नेहरू शर्टात चांगलं झाकतं. जिथं दारूचा ग्लास असणार आहे तिथं जायचं तर हत्यार तिजोरीत ठेवूनच निघायचं, यात मी कुणाचं ऐकत नाही.

पावसाळ्याचं खास सांगायचंय. महाबळेश्वर, पाटण, शिराळ्याच्या बाजूला चार महिने भिंतीला ओल असते आणि माणसं रिव्हॉल्व्हर चामड्याच्या होल्स्टरमध्येच घालून कपाटात ठेवतात. चामडं पाणी धरून ठेवतं. माझ्या स्वतःच्या पहिल्या रिव्हॉल्व्हरला एका श्रावणात सिलिंडरवर तांबूस ठिपके आले, घासून निघाले पण डाग राहिले ते राहिलेच. होल्स्टर वेगळा, हत्यार पातळ तेलाचा हात फिरवून कोरड्या सुती कापडात, शेजारी सिलिकाची पुडी, तिजोरीला कुलूप आणि किल्ली पोरांच्या नजरेआड. काडतुसाला तेल लावू नका, तेल आत शिरलं की दारू निकामी होते. कमरेला रोज वापरलेली सहा काडतुसं दरवर्षी एकदा रेंजवर संपवून नवीन घालायची.

मावसभावानं सध्या एअर पिस्तूल घेतलंय, रविवारी सकाळी कोल्हापूरला जातोय. ३२ दिवाळीनंतर बघू म्हणतोय, दुकानात मी बरोबर जाणार आहे.