गोडेतेल संपणार का? युद्धाच्या काळातली लोकांची धास्ती कमेंट्समधून कशी वाचायची

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि काही दिवसांतच आपल्याकडे सूर्यफूल तेलाची चर्चा सुरू झाली, कारण हे तेल आपण बहुतेक सगळं बाहेरूनच आणतो आणि तेव्हा सगळ्यात जास्त युक्रेनमधून यायचं. त्या काळातल्या मराठी कमेंट्स जमवून लोक नक्की कशाला घाबरले होते हे बघायचा उद्योग मी केलाय. कसा केला आणि कुठे आपटलो, दोन्ही सांगतो.

आधी शब्द पकडा. "अन्नसुरक्षा" सर्च करून काही हाती लागत नाही, कारण घरात तसं कोणी बोलतच नाही. लोक लिहितात डबा केवढ्याला मिळाला, गोडेतेल अजून वाढणार म्हणे, दुकानदार एकच पिशवी देतोय. तर गोडेतेल, सूर्यफूल, पामतेल, डबा, पिशवी, किराणा, साठा, टंचाई अशी यादी करा, सोबत सुर्यफुल वगैरे चुकीची स्पेलिंगं पण घ्या, आणि इंग्रजी अक्षरांत टाइप केलेलं मराठी तर घ्याच, ते सोडलंत तर बरीचशी जनता बाहेर राहिली.

नुसतं "तेल" टाकू नका मात्र. मी टाकलं होतं. २२ मार्च २०२२ पासून पेट्रोल-डिझेल परत महागायला लागलं, त्याआधी चार-साडेचार महिने भाव गोठलेले होते, आणि माझ्या ग्राफमध्ये मार्चअखेरीला चिंतेचा असा डोंगर उभा राहिला की मी जाम खूश, मग एकेक कमेंट वाचायला बसलो तर लोक कढई सोडून गाडीच्या टाकीबद्दल बोलत होते. दोन दिवस पाण्यात.

कमेंट्स गोळा करायला बातम्यांच्या युट्यूब व्हिडिओंखालची जागा सोपी पडते, एक्सवरून (आधीचं ट्विटर) पहिल्यासारखा फुकट डेटा २०२३ पासून मिळत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपमधलं उचलू नका, ते लोकांचं खासगी बोलणं आहे. नावं, हँडल, फोटो काढून टाका, शीटमध्ये तारीख, मजकूर आणि कमेंट कुठल्या बातमीखालची आहे एवढंच ठेवा. तोच फॉरवर्ड चाळीस वेळा दिसला तर एकदाच धरा, पसरला किती ते बाजूच्या कॉलममध्ये.

आता खरं काम. पॉझिटिव्ह, निगेटिव्ह, न्यूट्रल अशी मराठी ट्वीट्स मार्क केलेला एल३क्यूब महासेंट नावाचा डेटासेट आहे, साधारण १६ हजार ट्वीट्सचा, त्यावर शिकवलेलं मॉडेल, म्हणजे कमेंटचा सूर आपोआप ओळखणारा प्रोग्राम, पहिल्या चाळणीला ठीक. पण "वा, आता भजी फक्त दुसऱ्याच्या लग्नात" असं लिहून खाली हसण्याच्या तीन इमोजी असल्या की मशीन त्याला आनंद समजू शकतं. आणि निगेटिव्ह म्हणजे तरी काय? म्हणून निदान तीनशे कमेंट्स हाताने वाचा आणि वेगळे खाने करा: महागाईची भीती, माल न मिळण्याची भीती, साठेबाजांवरचा राग, आणि सगळ्यात महत्त्वाचा चौथा, माणसाने भीतीपोटी काही केलंय का. "दोन डबे आणून ठेवले" ही साधी कमेंट दहा शिव्यांपेक्षा जास्त सांगते. दुसऱ्या कोणाकडून त्यातल्याच शंभर कमेंट्स मार्क करून घ्या, फार फरक पडला तर तुमचे खाने ढिले आहेत.

कोण बोलतंय हे पण बघा नाहीतर सगळंच उलटं होतं. १३ मे २०२२ ला सरकारने गहू निर्यात बंद केली, त्या बातमीखाली "भाव" या एकाच शब्दामागे दोन भीती असतात, पोळी खाणाऱ्याला भाव चढायची आणि गहू पिकवणाऱ्याला पडायची, आणि दोघं एकत्र मोजले की उत्तर येतं शून्य.

मग शेजारी तारखा आणि भाव लावा. इंडोनेशियाची पामतेल निर्यातबंदी २८ एप्रिल ते २३ मे २०२२, सणवार, आणि केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याचे रोजचे किरकोळ भाव. भाव हलायच्या आधीच चिंता वाढली असेल तर बातमी किंवा अफवा शोधा, नंतर वाढली असेल तर खिशाला लागलंय. सरकारी खुलासे पण वेगळे काढा. ९ मे २०२५ ला, भारत-पाकिस्तान तणावात, केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशींनी साठा भरपूर आहे, अफवांवर जाऊ नका असं सांगितलं. असला खुलासा शेअर करणाऱ्या पोस्टमध्येही "साठा" असतोच आणि मशीन ती पण धास्तीत मोजू शकतं.

शेवटी किराणावाल्याला विचाराच. माझ्या शीटमध्ये एप्रिल-मे २०२२ ला "गहू भरून ठेवला" वाल्या कमेंट्स खूप होत्या, मी त्या चौथ्या खान्यात ढकलून मोकळा झालो होतो. कोपऱ्यावरच्या काकांना दाखवलं तर ते हसायला लागले, म्हणाले अरे उन्हाळ्यात वर्षाचं धान्य भरतातच की लोक, तुझी आई नाही भरत का? सगळ्या परत वाचल्या. युद्धाचं किंवा महागाईचं नाव काढलेल्या तेवढ्या ठेवल्या, बाकीच्या काढल्या.